विन्याची आई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे अशी सूचना झाली. कुणी पाककृती दिल्या, कुणी उखाणे दिले, कुणी भोंडल्याची गाणी जमवली. मी सातवी शिकलेली बाई. घर, स्वयंपाक आणि दोन मुलगे यांपलीकडचे जग मी फारसे पाहिलेले नाही. म्हणून घर, स्वयंपाक आणि मुलगे यांतच जिचा जन्म गेला अशा एका बाईचे चरित्र लिहावे, असे मी योजिले. ती परकी नव्हे, आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याची सून. तिचे नाव रुक्मिणीबाई नरहर भावे. आचार्य विनोबा भावे यांची ती आई.

माझे माहेर पेण आणि सासर रोहे. दोन्ही गावांना थोर पुरुषांचा मोठा अभिमान आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे, पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० साली रोह्यातच झाला, आणि विनोबा तर गागोद्याचे. त्यांची नावे लहान मुलेही सांगतात. पण त्यांच्या आयांची नावे सांगा म्हटले, तर आपल्यापैकी किती जणी सांगू शकतील? रुक्मिणीबाईंचे नाव राहिले ते विनोबांमुळे. आईच्या लहान लहान गोष्टी ते म्हातारपणापर्यंत प्रेमाने सांगत राहिले, आणि आपल्या मनावर आईचा जेवढा संस्कार झाला तेवढा दुसऱ्या कुणाचाही झाला नाही, असे ते मानीत.

रुक्मिणीबाईंचे माहेर कर्नाटकाकडचे. लग्न होऊन त्या कोकणातल्या डोंगराकडच्या लहानशा खेड्यात आल्या. पाण्यापासून भाषेपर्यंत सगळेच वेगळे. सासरे शंभुराव मोठे व्रतस्थ व देवभक्त गृहस्थ. पती नरहरपंत नोकरीसाठी बडोद्यास असत, त्यामुळे मुलांचे करणे पुष्कळसे बाईंवरच पडे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायकाचा जन्म झाला. घरात त्याला विन्या म्हणत. पुढे बाळकृष्ण व शिवाजी हे मुलगे झाले. नवरा परगावी, घरात सासरा आणि पदराशी लहान मुले, म्हणजे काय असते ते कोकणातल्या बाईला वेगळे सांगावयास नको. मुंबईच्या चाकरमान्यांच्या कित्येक बायकांनी तसेच दिवस काढले आहेत.

बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण मुलांना शिकवण्याची त्यांची रीत कुणा शिक्षकाला लाजवील अशी होती. मुले भुकेने पानावर येऊन बसली की तुळशीला पाणी घातले का, हे त्या आधी विचारीत. घातले नसेल तर उठून घालून यावे लागे, मगच पान वाढले जाई. यात रागावणे नाही की मारणे नाही. आपल्या आधी दुसऱ्याच्या तहानेची आठवण ठेवावी, एवढेच त्यातून मुलाच्या अंगी मुरे.

एकदा रात्री विन्याने भिंतीवर स्वतःची मोठी सावली पाहिली आणि घाबरून तो आईकडे धावला. आईने त्याला समजावले की तो तुझा चाकर आहे, तू बसशील तर तो बसेल, तू उठशील तर तो उठेल. विन्याने तसे करून पाहिले आणि भीती पळाली. आपण मुलाला भित्रा म्हणून हिणवतो, नाहीतर बागुलबुवा येईल म्हणून आणखी घाबरवतो. त्या माउलीने त्यालाच भीतीची परीक्षा करावयास लावले.

फणसाची गोष्ट तर आपल्याकडच्या प्रत्येक घरात घडू शकेल अशी आहे. परसात फणस लागला. तो वाढताना मुलगा रोज बघे, कधी पिकेल म्हणून वाट पाही. फणस उतरला, फोडला, आणि आईने पहिले गरे द्रोणांत भरून विन्याच्याच हाताने शेजाऱ्यांकडे पाठवले. घरोघर देऊन आल्यावर मग त्याच्या वाट्याचे गरे. जो देतो तो देवाकडचा आणि जो नुसते राखून ठेवतो तो राक्षसाकडचा, अशी तिची सोपी शिकवण होती. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला विनोबांना पहिले भूदान मिळाले आणि मग पायी हिंडत त्यांनी लाखो एकर जमीन मागितली. त्या यज्ञाचा पहिला द्रोण गागोद्याच्या परसात भरला गेला, असे मला तरी वाटते.

आता कौतुकाविषयी. आपण मुलांचे बारसे करतो, उष्टावण करतो, संक्रांतीला बोरन्हाण घालतो, वाढदिवसाला औक्षण करतो. पास झाला की पेढे वाटतो. हे करावेच, कारण आईच्या जन्मात आनंदाचे दिवस असतात ते हेच. हल्ली त्यात केक आला, हॉल आला आणि कुणी काय आणले याची मोजदादही आली. रुक्मिणीबाईंच्या घरची एक दिवाळी यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. वडील बडोद्याहून येणार, येताना खाऊ आणणार, असे आईने सांगितलेले. विन्या आशेने बसलेला. वडिलांनी हातात पुडके दिले, पण ते चौकोनी आणि कडक! उघडून पाहतो तो आत मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके. तो हिरमुसून आईकडे गेला. आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. याहून गोड खाऊ दुसरा असूच शकत नाही, असे तिने त्याला सांगितले. आईच्या तोंडून आले म्हणून मुलाला ते पटले. वडिलांनी काही चांगले आणले, तरी त्याची गोडी मुलाला लावणारी घरात आईच असते.

पुढे सगळे कुटुंब बडोद्यास राहावयास गेले. तेथेही बाईंचा दिवस चुलीपाशीच जाई. काम करता करता त्या भजने म्हणत, आणि त्यात इतक्या रंगत की कधी भाजीत दोनदा मीठ पडे. सर्वांना वाढून झाले की जेवण्यापूर्वी देवापुढे बसून, कान धरून त्या दिवसभरातल्या अपराधांची क्षमा मागत. कोणते मोठे अपराध त्यांच्या हातून होत असतील, कोण जाणे!

शेजारीण गावाला गेली की तिच्या घरचा स्वयंपाकही बाई करून देत. मात्र आधी आपल्या घरचा आटोपून मग तिकडे जात. विन्या मोठा चौकस. हा स्वार्थ नव्हे काय, असे त्याने विचारले. आईने समजावले की त्यांचे आधी केले तर त्यांना जेवताना गार अन्न मिळेल, नंतर केले तर ऊन मिळेल. घरात एखादा गरीब विद्यार्थी ठेवून घेण्याची त्यांची रीत होती. शिळे उरले तर ते बाई स्वतः खात किंवा विन्याला देत, त्या परक्या मुलाला मात्र ताजेच वाढीत. विन्याने यावरही हटकले. त्यांनी भेदभाव कबूल केला. तुझ्याकडे मी मुलगा म्हणून पाहते आणि त्याच्याकडे देवाचे रूप म्हणून, ज्या दिवशी तूही मला देवच दिसू लागशील त्या दिवशी हा भेद राहणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मुलाने आईला जाब विचारावा आणि आईने न रागावता उत्तर द्यावे, हे त्या काळात सोपे नव्हते. आजही सोपे नाही.

बाई गीतेवरील प्रवचन ऐकावयास जात, पण संस्कृत कळेना. त्यांनी विन्याकडे मराठी गीता मागितली. त्याने आणून दिलेली पद्य गीताही त्यांना अवघड गेली, तेव्हा तूच का सोपी करून देत नाहीस, असे त्या म्हणाल्या. न शिकलेल्या आईचा मुलावरचा हा विश्वास पाहा. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी ‘गीताई’ लिहावयास घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पुरी केली. नावातही आई आहेच. पण ती वाचावयास रुक्मिणीबाई तेव्हा या जगात नव्हत्या.

आता कठीण भाग. एके दिवशी चुलीशी बसून विन्याने आपली शाळेची प्रशस्तिपत्रे जाळून टाकली. आईने विचारले, तर यांचा पुढे उपयोग नाही, असे त्याचे म्हणणे. नसला उपयोग तरी ठेवायला काय हरकत होती, एवढेच ती म्हणाली. आपल्या मुलाचे प्रमाणपत्र आपण काचेत घालून भिंतीवर लावतो. ते डोळ्यांदेखत जळताना त्या माउलीला काय वाटले असेल! पुढे १९१६ च्या मार्चमध्ये तो परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसला, पण सुरतेस उतरून काशीस गेला आणि घर सुटले. शेजारणी सांत्वनाला आल्या, हल्लीच्या मुलांना आईबापांची पर्वा नाही म्हणाल्या. बाईंनी ते मानले नाही. माझा विन्या वाईट मार्गाला जाणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

१९१८ साली देशभर इन्फ्लुएंझाची साथ पसरली होती. त्याच साली २४ ऑक्टोबरला बडोद्यास रुक्मिणीबाई गेल्या. वय अवघे ४२. शेवटी विनोबा सेवेला आले होते, परंतु अंत्यविधी कुणी व कसा करावा यावर वडिलांशी मत जुळेना, म्हणून ते स्मशानात गेले नाहीत. आईची आठवण म्हणून त्यांनी तिचे लुगडे आणि अन्नपूर्णेची मूर्ती जवळ ठेवली. ते लुगडे कित्येक वर्षे ते उशाला घेत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर, ते खादीचे नाही म्हणून त्यांनी ते साबरमतीला अर्पण केले.

बाळकोबा व शिवाजीराव हेही पुढे विनोबांच्याच वाटेने गेले. तिघांपैकी एकानेही संसार मांडला नाही. सून आली नाही, नातवाचे बारसे झाले नाही. मी बाईंच्याच वयाची आहे, म्हणून स्पष्ट लिहिते, माझ्या मुलांनी असे सर्व सोडून जावे अशी माझी इच्छा नाही, आणि तशी इच्छा धरणे सर्वांना झेपणारही नाही. माझा थोरला नोकरीनिमित्त पुण्यास गेला, तरी चार दिवस घास उतरत नव्हता. मुलाला इतका मोठा करावा आणि मग त्याच्या मोठेपणाला आडवे येऊ नये, ही बाईंची ताकद निराळीच.

पण त्यांच्या जन्मातले पुष्कळसे आपल्याला करता येण्याजोगे आहे. त्यासाठी शिक्षण लागत नाही की पैसा लागत नाही. पहिला गरा शेजारी पाठवता येतो. मुलाच्या प्रश्नाला न रागावता उत्तर देता येते. वाढदिवसाला एक पुस्तक देता येते, आणि ते कसे गोड आहे हेही सांगता येते. मुलगा घराबाहेर पडला आणि चारजणी नावे ठेवू लागल्या, तर आपला विश्वास ढळू न देणे, हेही जमावयास हरकत नाही.

विनोबांचे १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला निधन झाले आणि १९८३ साली त्यांना भारतरत्न किताब मिळाला. पेणहून गागोदे काही लांब नाही, विनोबांचे जन्मघर तेथे आहे. भगिनींनी एकदा मुलांना घेऊन तेथे अवश्य जावे. आणि मुलांना विनोबांविषयी सांगताना, तेथे फणसाचे गरे वाटणाऱ्या एका आईचे नाव रुक्मिणीबाई होते, हेही सांगावे. मंडळाची अशीच भरभराट होवो, एवढे इच्छून पुरे करते.