नायट्रो कार घेण्याआधी... लक्ष्मणराव!

टेक-फेस्टचे दिवस जवळ आले की हॉस्टेलमध्ये एकच विषय चघळला जातो. पहिली नायट्रो कार कुठली घ्यायची? चौघांनी मिळून पैसे जमवायचे आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालायचा. एकाला मोठी वन-एट स्केलची बगी हवी, दुसऱ्याला टॉप स्पीड हवा, तिसरा म्हणतो टू-स्पीड गिअरबॉक्स नसेल तर घ्यायचीच कशाला? या सगळ्यांना मी एकच सांगते : मंडळी, आधी लक्ष्मणराव किर्लोस्कर वाचा!

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे किर्लोस्कर म्हणजे पंपावर आणि जनरेटरवर लिहिलेलं नाव, एवढंच मला ठाऊक होतं. पुण्यात मेकॅनिकलला आल्यावर या माणसाबद्दल जे मिळेल ते वाचत गेले आणि वाटलं, अरे, हा तर आपल्यातलाच! खिशात पैसे कमी आणि डोक्यात मशीनचं वेड.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. अभ्यासात मन रमेना, आवड दोनच गोष्टींची : चित्रं आणि यंत्रं. १८८५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोन वर्षांनी लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे पायाखालची जमीन सरकणंच. पण मेकॅनिकल ड्रॉइंगला रंग कुठे लागतात? तिथे रेष सरळ हवी आणि माप अचूक हवं. लक्ष्मणराव तिकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये, शिकवूही लागले.

त्याच काळात त्यांना सायकल भेटली. तेव्हा सायकल म्हणजे परदेशातून येणारी श्रीमंतांची चीज. आज आपण नायट्रो कारकडे ज्या नजरेने बघतो ना, तसंच काहीसं. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं छोटं दुकान सुरू झालं. थोरले बंधू रामुअण्णा दुकान सांभाळायचे, लक्ष्मणराव मुंबईहून मदत करायचे. मला यात एक गोष्ट फार आवडली. ते नुसती सायकल विकून मोकळे होत नव्हते. चालवायला शिकवणं आणि दुरुस्ती हेही दुकानाचंच काम होतं. ज्या गावात त्याआधी कुणी सायकल पाहिली नाही, तिथे पंक्चर झाल्यावर घेणाऱ्याने जायचं कुठे?

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि सरळ बेळगाव गाठलं. तिथे त्यांनी कडबा कापायची यंत्रं बनवायला सुरुवात केली आणि मग लोखंडी नांगर.

हा नांगराचा किस्सा नायट्रो घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. शेतकरी लाकडी नांगर वापरायचे. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली! आपण हसतो आणि म्हणतो, काय अडाणी लोक. पण जरा त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार दुरुस्त करून देत होता. लोखंडी मोडला तर? पैसे एकदाच खर्च करता येणार, आणि पेरणीच्या दिवसांत नांगर बंद पडला तर वर्ष वाया. ज्याच्याकडे पैसे कमी असतात त्याला फसून चालत नाही, म्हणून तो शंका जास्त घेतो. लक्ष्मणराव शेतकऱ्यावर चिडून बसले नाहीत. नांगर बनवत राहिले आणि शेवटी शेतकऱ्याचा विश्वास मिळवला.

धंद्याला बरे दिवस येतात तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. आता जायचं कुठे? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिलं आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. माळरान म्हणजे निवडुंग आणि साप! १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथे गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. मिरजेकडे जाताना खिडकीतून नक्की बघा.

माणसं निवडायची त्यांची पद्धतही वेगळीच. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण लक्ष्मणरावांकडे इंजिनिअर झाले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रखवालदार नेमलं आणि त्यांनी विश्वासाने राखण केली. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, हा नियम. आणि १९२० मध्ये याच माळावरून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं. नांगराच्या कारखान्यातून मासिक! आपल्या मॅगझिनच्या एडिटोरियल बोर्डाने नोंद घ्यावी.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईना, लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवून त्यांनी भट्टीत घातल्या. लक्ष्मणरावांनी मुलाला, शंतनुरावांना, अमेरिकेत एम.आय.टी.ला मेकॅनिकल शिकायला पाठवलं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. १९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले, तेव्हा सायकलच्या त्या दुकानातून निघालेला उद्योग इंजिन, पंप, लेथ, मोटर असा पसरला होता.

आता आपल्या नायट्रोकडे येऊ. लक्ष्मणरावांकडून मी काय उचललं ते सांगते.

एक, मोडल्यावर काय हे आधी विचारा. पहिली गाडी आपटणारच. सस्पेन्शन आर्म तुटणार, क्लच शू झिजणार, ग्लो प्लग जळणार. ज्या मॉडेलचे हे पार्ट्स सहज मिळतात तेच घ्या, मग ते थोडं हळू पळालं तरी चालेल. अनोळखी ब्रँडची स्वस्त वन-एट घेतली आणि एका गिअरसाठी दोन महिने थांबलो, तर ती शोकेसमध्येच शोभेल.

दोन, सगळे पैसे गाडीवर उडवू नका. माझा हिशोब असा, दोन भाग गाडीला आणि एक भाग बाकीच्याला. बाकीचं म्हणजे फ्युएल, ग्लो इग्नायटर, दोन-तीन जादा प्लग, बॅटऱ्या, एअर फिल्टरचं ऑइल, टूल्स. हे फ्युएल म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑइल यांचं मिश्रण. पंपावर मिळत नाही, आणि पेट्रोल घालून चालतही नाही. मिथेनॉल विषारी आणि पटकन पेट घेणारं, म्हणून कॅन रूममध्ये, कॉटखाली अजिबात नको. वर्कशॉपमध्ये ठेवायची रीतसर परवानगी आधी घ्या, गाडी मग.

तीन, शिकायला वेळ द्या. या टू-स्ट्रोक इंजिनला स्पार्क प्लग नसतो. प्लगमधली प्लॅटिनमची तार सुरुवातीला बॅटरीवर तापते आणि मग मिथेनॉलमुळे तापलेलीच राहते. पिस्टनला वंगण मिळतं ते फ्युएलमधल्या ऑइलमधूनच. म्हणून पहिल्या काही टाक्या मिक्श्चर रिच ठेवून हळूच चालवायच्या. एक्झॉस्टमधून धूर दिसला पाहिजे. नवीन इंजिन पहिल्याच दिवशी लीन करून पळवलं, तर ते तापून खलास!

कुणी म्हणेल, आज ब्रशलेस इलेक्ट्रिक गाड्या इतक्या फास्ट आहेत, मग ही कटकट कशाला? नुसतं जिंकायचं असेल तर खुशाल इलेक्ट्रिक घ्या. आम्हाला इंजिन उघडून बघायचंय. म्हणून आमच्या ग्रुपने वन-टेन स्केल ठरवली आहे, पॉइंट वन-फाइव्हचं, म्हणजे साधारण अडीच सीसीचं इंजिन. टू-स्पीडवाला अजून रुसलेला आहे. पण त्या शेतकऱ्याने नांगर घ्यायला दोन वर्षं लावली, आपण दोन आठवडे विचार केला तर काय बिघडलं? बघा पटतंय का!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल