विश्लेषण : जंतू सापडला होता, औषध नव्हते! कल्याणच्या डॉ. आनंदीबाईंचा आजार आज कोणत्या तपासणीत पकडला जातो?

अमेरिकेतून डॉक्टरीची पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई गोपाळराव जोशी यांचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयरोगाने निधन झाले. वयाची २२ वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देण्यात आली होती, पण तिथे रुजू होण्याइतके बळच अंगात उरले नव्हते. कादंबरी, नाटक, मालिका आणि २०१९ मधील चित्रपट यांमुळे ही कहाणी मराठी घरांत ठाऊक आहे. त्यातील आजाराची बाजू मात्र बहुतेक वेळा शेवटच्या दोन वाक्यांत आटोपली जाते. आनंदीबाईंच्या माहेरच्या कल्याणमध्ये आणि शेजारच्या डोंबिवली, ठाण्यात आज चौकाचौकात पॅथॉलॉजी लॅब आहेत. रक्त दिले की संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. तरीही क्षयाचे निदान लांबते, आणि कधीकधी ते रक्ताच्या रिपोर्टवर विसंबल्यामुळेच लांबते.

पारनाक्यावरची यमुना

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणच्या पारनाक्यावर राहणारे जुने जमीनदार. घराण्याला नाव होते, पैसा मात्र ओसरत चालला होता. नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. वर गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर आणि तिच्यापेक्षा सुमारे २० वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टात मायेइतकीच जबरदस्तीही होती. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर तिची शाळाही फिरत राहिली. अलिबाग, कोल्हापूर, पुढे कच्छमधील भूज आणि शेवटी बंगाल.

दहा दिवसांचे बाळ

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो १० दिवस जगला. वेळेवर उपचार मिळाले असते तर बाळ वाचले असते, ही बोच त्यांच्या मनातून गेली नाही आणि डॉक्टर होण्याचा निर्णय त्यातूनच पक्का झाला. पुढे फिलाडेल्फियात प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तोही हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्राचाच.

आज गरोदरपणाच्या पहिल्या नोंदणीलाच हिमोग्लोबिन, रक्तगट आणि आरएच, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ‘ब’ आणि लघवीतील प्रथिने तपासली जातात. थॅलेसेमियाचे वाहक आहोत का, हेही बघितले जाते. कल्याणला लागून असलेल्या उल्हासनगरमध्ये सिंधी वस्ती मोठी आहे आणि या समाजात थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात, त्यामुळे या पट्ट्यात ती तपासणी विशेष महत्त्वाची. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. बाळंतपणानंतर आशा सेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळ दूध पिते का, अंग गार पडले आहे का, श्वास जोरात चालतो का, हे बघतात. बाळंतिणीच्या घरी ही भेट अनेकदा केवळ नोंदवहीतील सोपस्कार समजली जाते. आनंदीबाईंचे बाळ गेले ते नेमके याच दिवसांत.

अर्थात चौदाव्या वर्षीच्या बाळंतपणावर कोणतीही तपासणी हा उपाय नव्हे. संमतिवयाचा कायदा आला तो आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९१ मध्ये, आणि त्यानेही मर्यादा १० वरून १२ वर्षांपर्यंतच नेली.

कलकत्त्यातील ताप आणि डोकेदुखी

१८८० मध्ये गोपाळरावांनी अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ते पत्र मिशनच्या मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचले. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

याच काळात कलकत्त्यात आनंदीबाईंची तब्येत बिघडू लागली. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. त्यांचा उपयोग झाला नाही. हजारो मैलांवरून, रुग्णाला न बघता, पत्रातील वर्णनावर पाठवलेले ते औषध होते. त्यात माया होती, तपासणी नव्हती. आज हेच व्हॉट्सॲपवर चालते. रिपोर्टचा फोटो नात्यातल्या डॉक्टरला पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची.

या तक्रारींवरून आनंदीबाईंना तेव्हाच क्षय झाला होता, असे म्हणणे घाईचे ठरेल. अशक्तपणा, डोकेदुखी आणि धाप ही रक्त कमी असल्याचीही लक्षणे आहेत, आणि लहान वयात बाळंतपण झालेल्या मुलीत रक्त कमी असणे नवलाचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. मराठीत रक्तक्षय आणि क्षय या शब्दांनीही गोंधळ वाढवला आहे. पहिला म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, दुसरा जंतूंमुळे होणारा संसर्ग. क्षयाच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन अनेकदा कमी असते, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात, थोडे बरे वाटते आणि खोकल्याकडे कोणी बघत नाही.

बर्लिनमधील शोध, फिलाडेल्फियातील विद्यार्थिनी

आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या त्या एप्रिल १८८३ मध्ये. त्याआधी वर्षभर, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. तोवर युरोप-अमेरिकेतही अनेक डॉक्टर क्षय हा आनुवंशिक किंवा प्रकृतीचा दोष मानत. कॉख यांनी तो जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. पुढच्या वर्षभरात झील आणि नील्सन या जर्मन डॉक्टरांनी रंग देण्याची पद्धत सुधारली. निळ्या पार्श्वभूमीवर लालसर काड्यांसारखे जंतू दाखवणारी ही थुंकीची तपासणी सरकारी केंद्रांत आजही वापरात आहे.

म्हणजे फिलाडेल्फियातील वूमन्स मेडिकल कॉलेजमध्ये आनंदीबाई शिकत होत्या, त्या वर्षांत क्षय ओळखण्याचे साधन जगाच्या हाती आले होते. बरा करण्याचे साधन मात्र नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच उपचार. आनंदीबाईंच्या वाट्याला याच्या उलट आले. कडक थंडी, परके आणि शाकाहारी माणसाला न मानवणारे जेवण, आणि अभ्यासाचा ताण. शिक्षण चालू असतानाच प्रकृती ढासळत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही आल्या होत्या.

क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये, आनंदीबाई गेल्यानंतर आठ वर्षांनी. क्षयावरील पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडले. मधली ५६ वर्षे रोग ओळखता येत होता, पण बहुतेक रुग्णांपुढे हवापालटापलीकडे काही ठेवता येत नव्हते.

रक्ताच्या तपासणीत क्षय का दिसत नाही?

फुप्फुसाच्या क्षयात जंतू मुख्यतः फुप्फुसात असतात. ते सापडतात बेडक्यात, रक्तात सहसा नाही. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन कमी किंवा पांढऱ्या पेशी कमीजास्त दिसतील. ईएसआर वाढलेला दिसेल, पण तो गरोदरपणात, रक्तक्षयात, सांधेवातात आणि इतर कित्येक संसर्गांतही वाढतो. उलट सीबीसी पूर्ण नॉर्मल असूनही क्षय असू शकतो. फुल बॉडी चेकअपच्या नावाखाली ७० ते ८० तपासण्यांची जी पॅकेजेस विकली जातात, त्यांत आकडे भरपूर असतात. खोकणाऱ्या माणसाला हवी असलेली एक तपासणी त्यांत बहुधा नसते.

रक्तातील प्रतिपिंडे बघून क्षय सांगणाऱ्या तपासण्या एके काळी खासगी लॅबमध्ये सर्रास होत. त्यांनी क्षय नसलेल्यांना क्षय ठरवले आणि असलेल्यांना मोकळे सोडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. इग्रा नावाची रक्ततपासणी वेगळी आहे. जंतूचा संसर्ग कधीतरी झाला होता का, एवढे ती सांगते. भारतात असा सुप्त संसर्ग असंख्य लोकांत असतो आणि त्यातील बहुतेकांना आजार कधीच होत नाही. त्यामुळे इग्रा पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षय झाला, असा अर्थ काढू नये.

निदानासाठी हवा छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जंतूचे जनुकीय अंश काही तासांत सापडतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही कळते. यातील ट्रूनॅट गोव्यातील कंपनीने तयार केले असून ते बॅटरीवर चालते, म्हणून लहान केंद्रांतही ठेवता येते. नमुना मात्र नीट हवा. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला. डबीत नुसती लाळ दिली तर यंत्र कितीही चांगले असले तरी रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मानेतील गाठ, मणका, गर्भाशय अशा ठिकाणच्या क्षयात बेडका उपयोगाचा नसतो. तिथे गाठीतील पाणी किंवा तुकडा तपासावा लागतो.

रक्ततपासणीची खरी गरज पुढे लागते. क्षयाचे निदान झालेल्या प्रत्येकाची साखर आणि एचआयव्ही तपासली जाते, कारण दोन्हींमुळे क्षय बळावतो आणि उपचारही बदलतात. औषधांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून गरजेप्रमाणे यकृताची तपासणी होते. औषध चालू असताना डोळे पिवळे दिसले, उलट्या होऊ लागल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवावे.

घरातल्या इतरांचे काय?

आनंदीबाईंच्या काळी क्षयाच्या रुग्णासोबत राहणाऱ्यांना तपासण्याची पद्धत नव्हती. आज घरात एकाला फुप्फुसाचा क्षय निघाला की सर्वांची तपासणी करायची असते. लोकलच्या डब्यातील काही मिनिटांपेक्षा एका खोलीत महिनोन्महिने एकत्र झोपण्यात धोका कितीतरी जास्त. डोंबिवलीतील वन-रूम-किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार? खिडकी उघडी ठेवणे, खोकताना तोंड झाकणे आणि औषध वेळेवर सुरू करणे एवढे तरी हातात असते. आजार नाही याची खात्री झाल्यावर घरच्यांना, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांना, प्रतिबंधक औषध दिले जाते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम किंवा थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर बेडका तपासावा. सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांत ही तपासणी आणि नेहमीच्या क्षयावरील सहा महिन्यांची औषधे मोफत आहेत. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा करण्याची तरतूद नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. खासगी डॉक्टरांनाही रुग्णाची नोंद सरकारकडे करावी लागते. मुलीचे लग्न ठरायचे आहे, सुनेचे नाव बाहेर जाईल, अशा भीतीने जी घरे ही नोंद टाळतात, तिथे औषधे अर्ध्यावर सुटण्याचा धोका अधिक.

शेवटचे महिने

आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतल्या. स्वागत जोरात झाले. ज्या समाजाने समुद्र ओलांडल्याबद्दल नावे ठेवली होती, त्यातलेच लोक बघायला येत होते. पण त्या अंथरुणाला खिळल्या त्या उठल्याच नाहीत. आपल्याला काय झाले आहे आणि त्यावर औषध नाही, हे ओळखण्याइतके शिक्षण त्यांच्याजवळ होते.

मृत्यूनंतर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही उभा आहे.