न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : कायद्याचे जाणकार, समाजाचे सेवक

मरहूम बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा व्यापारी कुटुंबात झाला. इंग्रजी शिक्षणाकडे आपला समाज संशयाने पाहत होता, त्या काळात वडील तय्यबअली यांनी मुलांना विलायतेस शिकावयास पाठविले. थोरले बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन यांना डोळ्यांच्या विकारामुळे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

वकिलीत जम बसल्यावरही ते केवळ पक्षकारांच्या कामात गुंतून राहिले नाहीत. १८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेच्या ६४ जागांपैकी ३२ जागा करदात्यांनी निवडून द्यावयाच्या ठरल्या. १८७३ मध्ये तय्यबजी महापालिकेत गेले, आणि १८८२ मध्ये त्यांची मुंबईच्या कायदे कौन्सिलावर नेमणूक झाली.

त्या कौन्सिलाचे अधिकार तुटपुंजे होते. सभासद लोकांनी निवडलेले नसून गव्हर्नरने नेमलेले असत. त्यांना प्रश्न विचारता येत नसे, की अंदाजपत्रकावर बोलता येत नसे. समोर आलेल्या मसुद्यापुरतेच बोलावयाचे! अशा ठिकाणी आवाज चढवून काही साधत नाही. कलमे बारकाईने वाचून, कोणता शब्द कोणाच्या हक्कावर गदा आणतो, हे शांतपणे दाखवावे लागते. लोकल बोर्डे व जिल्ह्यांतील नगरपालिका यांविषयीचे १८८४ चे कायदे त्यांच्याच कारकीर्दीत झाले. प्रकृती ढासळल्याने १८८६ मध्ये त्यांनी ही जागा सोडली.

दरम्यान १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली होती. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले मुसलमान. सर सय्यद अहमद खान यांना मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे वाटे. तय्यबजींनी हा मतभेद पत्रांतून, अदब राखून मांडला.

१८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा आधी जामीन नाकारला गेला होता. पुढे अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. आरोपी खटल्यास हजर राहावा एवढ्यासाठीच जामीन असतो. गुन्हा शाबित होण्याआधी शिक्षा भोगावयास लावू नये, हे तत्त्व त्यांनी पाळले. आरोपी कोणत्या धर्माचा, आणि सरकार काय म्हणेल, हा विचार त्यांच्या न्यायासनाजवळ फिरकला नाही. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीशाचे कामही पाहिले.

आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांना त्यांचे आणखी एक ऋण मानावे लागेल. १८७४ मध्ये कमरुद्दीन व नाखुदा महंमदअली रोगे यांच्यासमवेत त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली व १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. स्वतःच्या मुलींनाही त्यांनी शिकविले. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, कायदा न वाचणाऱ्यास आपला हक्क कोठे लिहिलेला आहे हेच कळत नाही. आणि पालकांनो, तय्यबअलींनी लोकांच्या बोलण्याची पर्वा केली असती, तर हा मुलगा पेढीवरच बसला असता. मुलगा असो वा मुलगी, तिच्या शिक्षणाचा निर्णय घेताना एवढे अवश्य आठवावे.