सेनापती आंग सान

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, स्वातंत्र्याचे शिल्पकार आंग सान यांचा जन्म १९१५ साली झाला. इंग्रजांची सत्ता उलथून टाकण्यासाठी त्यांनी जपानकडून लष्करी शिक्षण घेतले व १९४१ मध्ये स्वातंत्र्यसेना उभारली. परंतु जपानने दिलेले स्वातंत्र्य नावापुरतेच आहे हे उमगताच, मार्च १९४५ मध्ये त्यांनी जपानविरुद्धही शस्त्र उपसले.

युद्ध संपल्यावर इंग्रजांनी त्यांना सैन्यात ब्रिगेडियरचे पद देऊ केले. ते नाकारून आंग सान लोकांमध्ये गेले. शान, काचिन व चिन पुढाऱ्यांशी त्यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये पांगलाँग येथे करार केला. एप्रिलच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला प्रचंड बहुमत मिळाले. परंतु १९ जुलै रोजी, भर बैठकीत, मारेकऱ्यांनी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते.

४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला. पण २ मार्च १९६२ रोजी त्यांचेच जुने सोबती सेनापती ने विन यांनी लोकनियुक्त सरकार उलथून सत्ता बळकावली. २०२१ मध्ये सैन्याने पुन्हा तेच केले. ज्याने ती सेना उभारली, त्याने स्वतः मात्र जनतेच्या मताचाच कौल मागितला होता. त्यांचे हे उदाहरण त्यांच्या देशबांधवांना आजही प्रेरणा देते.