रंगांचे शास्त्रज्ञ : कृष्णस्वामी वेंकटरामन

मुलांनो, कांद्याची साले आपण फेकून देतो. एकदा ती पाण्यात उकळून पाहा. पाणी पिवळसर तांबूस होईल. त्या रंगात क्वेर्सेटिन नावाचा पदार्थ असतो. अशा पदार्थांच्या कुळाला फ्लॅव्होनॉइड म्हणतात. लॅटिन भाषेत ‘फ्लावुस’ म्हणजे पिवळा. फुले, फळे, साली, पाने, सगळीकडे हे पदार्थ सापडतात. ते प्रयोगशाळेत तयार करण्याची एक सोपी वाट ज्यांनी शोधली, त्यांची ही ओळख.

कृष्णस्वामी वेंकटरामन यांचा जन्म 1901 साली मद्रास येथे झाला. तेथे शिक्षण घेऊन ते इंग्लंडला मँचेस्टर येथे गेले. तेथे त्यांना रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखे गुरू लाभले. वनस्पतींचे रंग हा रॉबिन्सन यांचा आवडता विषय होता. पुढे 1947 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गुरूचे वेड शिष्याला लागले.

भारतात परतल्यावर वेंकटरामन लाहोरच्या फॉरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. 1933-34 च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्याने फ्लॅव्होनॉइड बनवण्याची एक रासायनिक क्रिया मांडली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बेकर यांनाही ती स्वतंत्रपणे सापडली. म्हणून जगभरच्या पुस्तकांत ती ‘बेकर-वेंकटरामन’ या जोडनावाने छापली जाते.

1934 साली ते मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रशास्त्र विभागात आले आणि 1938 साली त्याचे संचालक झाले. त्या काळी मुंबईत, आपल्या सोलापुरातही, कापडगिरण्यांचा भोंगा वाजत असे. पण चांगले रंग परदेशातून येत. रंग कसा बनतो हे जाणणारी माणसे त्यांनी येथेच घडवली. कृत्रिम रंगांवरील त्यांचा मोठा ग्रंथ 1952 पासून प्रसिद्ध होऊ लागला. 1957 साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. 1961 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आता तुम्ही विचाराल, या रंगांचा औषधाशी काय संबंध? आमच्या मैंदर्गीत कोणाला मधुमेह झाला, की शेजारीपाजारी जांभळाची बी, कारले, मेथी सुचवतात. माझ्या नानीने असेच ऐकून गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली, तेव्हा घरच्यांना कळले. काही फ्लॅव्होनॉइड पिष्टाची साखर होण्याचे काम मंदावतात, हे परीक्षानळीत दिसले आहे. पण चिमूटभर चूर्णात ते किती असतात आणि पोटातून रक्तात किती पोचतात, हा प्रश्न उरतोच. नानीला मी हे उशिरा सांगितले.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्यातून 1835 साली फ्लोरिझिन हा याच कुळातला पदार्थ काढला गेला. त्याने लघवीतून साखर बाहेर पडते, हे 1886 साली जर्मन वैद्य फॉन मेरिंग यांनी दाखवले. मूत्रपिंड गाळलेली साखर पुन्हा रक्तात घेते. फ्लोरिझिन ती वाट अडवते. पण तोंडाने घेतल्यास ते आतड्यातच मोडते. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलत बदलत टिकणारे औषध तयार केले. 2012 नंतर ‘डापाग्लिफ्लोझिन’ची गोळी रुग्णांना मिळू लागली. साल ते गोळी, पावणेदोनशे वर्षे लागली!

वेंकटरामन यांनी स्वतः मधुमेहावर काम केले नाही. त्यांना ध्यास होता तो रंगांच्या रचनेचा. पुण्यात त्यांनी लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या लाल रंगाचेही कोडे हाती घेतले. 1981 साली त्यांचे निधन झाले.