कमी पैशात ऑफ-रोड गाडी बांधायची म्हणून जुनी जीप शोधताय, मग के.सी. महिंद्रा माहीत पाहिजेत

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूर घाट लागतो. घाट उतरला की पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती सुरू. पावसाळ्यात या मातीत बैलगाडी रुतते, तिथे चकाचक एसयूव्हीची काय कथा. अजून वर संग्रामपूरकडे गेलात तर सातपुड्याच्या दगडगोट्यांच्या वाटा. अशा मुलखातल्या पोरांच्या डोक्यात एक किडा कधी ना कधी वळवळतोच. जुनी जीप घ्यायची, मोठे टायर टाकायचे आणि बजेटमध्ये ऑफ-रोड गाडी बांधायची.

पण गाडी दाखवायला नेली की मुरलेला मिस्त्री रंग बघत नाही, टायर बघत नाही. तो आधी गाडीखाली झोपतो आणि एक्सल बघतो.

हा जीपचा एक्सल आपल्याकडे आला त्यामागे दोन भाऊ होते. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा. गाव लुधियाना. नऊ भावंडं, वडील लवकर गेले आणि घराचा भार थोरल्या जगदीशचंद्रांवर आला. ते स्वतः मुंबईच्या आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकले होते. त्यांनी धाकट्या कैलासला थेट केंब्रिजला धाडलं.

१८९४ साली जन्मलेले कैलासचंद्र म्हणजेच के.सी. गाड्यांच्या धंद्यातले अजिबात नव्हते. परत येऊन ते मार्टिन कंपनीत लागले. लिहिण्या-वाचण्याचा नाद एवढा की त्यांनी उद्योगपती राजेंद्रनाथ मुखर्जींचं चरित्रही लिहिलं. स्पॅनर हातात धरणारा नाही, तर फाइल नीट वाचणारा माणूस.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्यांना अमेरिकेत पाठवलं, इंडिया सप्लाय मिशनचं प्रमुख म्हणून. भारतासाठी लागणारा माल मिळवायचा, हे काम. तिथे त्यांची गाठ पडली विलीज कंपनीचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांच्याशी. जीपला दमदार इंजिन देणारा हाच तो माणूस.

त्या काळी विलीज आणि फोर्ड मिळून जीप काढत होते. युद्ध संपेपर्यंत हा आकडा ६ लाखांच्या वर गेला. गाडी साधी. ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, चारही बाजूंना पाटे आणि पुढे-मागे स्पायसरचे अखंड हाउसिंगचे एक्सल.

इथे थोडं थांबू, कारण खरी गंमत या हाउसिंगमध्ये आहे. युद्धातल्या जीपचे दोन्ही एक्सल फुल-फ्लोटिंग होते. म्हणजे गाडीचं वजन हाउसिंग पेलतं, आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. मागचा शाफ्ट तुटला तरी चाक जागेवरच राहतं. तुटलेला शाफ्ट ओढून काढायचा आणि पुढच्या चाकांच्या जोरावर घरी यायचं. पुढे नागरी जीपला मागे सेमी-फ्लोटिंग एक्सल आला. त्यात शाफ्ट वजनही पेलतो, पण सीजे-३बी मॉडेलला बसवलेला डाना ४४ त्या मानाने चांगलाच दणकट होता. गिअरचं प्रमाण ५.३८. चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टचे सव्वापाचहून जास्त फेरे. वेग नाही, पण ओढ भरपूर. नांगरलेल्या शेतात हीच ओढ कामाला येते.

के.सीं.चा हिशोब सरळ होता. ज्या देशात पक्के रस्तेच कमी, तिथे रस्त्याची गरज नसलेली गाडी चालणार.

इकडे २ ऑक्टोबर १९४५ ला लुधियान्यात महिंद्रा अँड मोहम्मद सुरू झाली होती. धंदा पोलादाचा. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. १९४७ साली जीपचे ७५ संच सुट्या भागांत आले आणि इथे जोडले गेले. त्याच वर्षी फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. भागीदार गेला, नाव बदलणं भाग होतं. पण एम अँड एम छापलेली स्टेशनरी वाया जाऊ नये म्हणून महिंद्रा अँड महिंद्रा केलं, असं म्हणतात. बजेट बिल्ड म्हणतात ते हेच की!

त्याच सुमारास सरकारने सैन्यासाठी ब्रिटनमधून दुरुस्त केलेल्या जुन्या जीप मागवल्या होत्या. सौदा सुमारे ८० लाखांचा, आल्या फक्त १५५ आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत. हाच १९४८ चा गाजलेला जीप घोटाळा. जुनी गाडी न उघडता घेतली की काय होतं, ते तेव्हाच कळलं होतं.

१९५१ मध्ये जगदीशचंद्र गेले. ज्या भावाने शिकवलं तोच गेला आणि कंपनीची धुरा के.सीं.वर आली. नुसते भाग जोडून विकत राहणं सोपं होतं. त्यांनी १९५४ मध्ये विलीजशी करार करून एकेक भाग इथेच बनवायचा रस्ता धरला. आज जुन्या जीपचे सुटे भाग इथे मिळतात, त्याची सुरुवात इथून आहे.

१९५३ साली त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्टही काढला. भावाच्या पैशावर केंब्रिजला गेलेल्या माणसाने ते करणं साहजिकच. १९६३ मध्ये के.सी. गेले आणि मुलगा केशव महिंद्रा अध्यक्ष झाले. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ ला बंद पडली. आपल्याकडे मात्र ती नावं बदलत पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली.

त्यामुळे आज बजेट मांडताना अशी जीप हाती लागली, तर आधी हाउसिंगला वेल्डिंग आहे का बघा, मग क्राउन-पिनियनचा आवाज ऐका. टायर मोठा टाकला की शाफ्टवर ताण वाढतो आणि ओढ कमी होते, म्हणून टायरचे पैसे शेवटी काढा. आणि चासिसला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय.