गप्पी नावाचा माणूस
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या मुलाला गप्पी मासा ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. मुलुंडला आमच्या चाळीमागच्या गटारात तो झुंडीने असे. हातरुमालाची दोन टोके एकाने धरायची, दोन दुसऱ्याने, रुमाल पाण्यात बुडवायचा आणि अलगद वर उचलायचा. शेपटीवर निळा-नारिंगी ठिपका असलेला नर मिळाला तर त्याच्या बदल्यात दोन गोट्या मिळत. करड्या रंगाच्या, पोट फुगलेल्या मादीला कोणी विचारीत नसे. हा मासा सदा पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड हलवीत असतो, म्हणून त्याला गप्पी म्हणतात अशी आमची पक्की समजूत होती. गप्पा मारतो तो गप्पी!

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक जाडजूड कोश चाळताना कळले की गप्पी हे एका माणसाचे आडनाव आहे. गावोगावच्या भिंतींवर हिवताप टाळण्यासाठी गप्पी मासे पाळा असे रंगवलेले असते. ज्याचे नाव महाराष्ट्रातल्या इतक्या भिंतींवर लिहिले गेले, तो माणूस कोण, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांचा जन्म १५ ऑगस्ट १८३६ रोजी लंडनमध्ये झाला. आईवडील वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर जाऊन स्थायिक झाले आणि लहानग्या रॉबर्टला त्यांनी आजोळी ठेवले. हे आजोळ म्हणजे हेअरफर्डशायरमधली किनर्सली नावाची गढी. नातवाने मोठे होऊन ही गढी आणि जमीनजुमला सांभाळावा अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण अठराव्या वर्षी तो घर सोडून सरळ जहाजावर चढला. (आमच्याकडे सांभाळायला दहा बाय बाराची खोली आहे, तरी ती सोडून जायचा विचार मनात आला की माझे पाय लटपटतात. त्याने गढी सोडली!)

१८५६ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याशी त्याचे जहाज फुटले. सुमारे दोन वर्षे तो तिथल्या माओरी लोकांत राहिला आणि त्या मुलखाचे नकाशे काढीत हिंडला. तिथून निघून तो अखेर आईवडिलांकडे त्रिनिदादला पोचला आणि जन्मभर तिथलाच झाला.

त्या बेटावर १८४५ पासून आपल्याकडचे मजूर करारावर ऊस तोडायला जात होते. बिहार आणि संयुक्त प्रांतातल्या खेड्यांतून निघालेली ही माणसे कलकत्त्याला जहाजात चढत. गप्पीसाहेब तिथे शाळांचे मुख्य अधीक्षक झाले, तेव्हा बेटावर अशी मजुरांची वस्ती चांगलीच वाढलेली होती. सरकारी काम सांभाळून उरलेल्या वेळात ते खडक फोडीत, शिंपले गोळा करीत. त्यांचा खरा जीव होता तो जीवाश्मांत, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी दगड झालेल्या शंखशिंपल्यांत. जमैकाच्या अशा शंखशिंपल्यांवर त्यांचा निबंध १८६६ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतरही ते पुष्कळ वर्षे लिहीत राहिले. विशेष म्हणजे या विषयाचे रीतसर शिक्षण त्यांनी कुठेही घेतलेले नव्हते. पदवी नसलेला माणूस साऱ्या बेटाच्या शाळा तपासतो आणि विद्वानांच्या पत्रिकेत निबंध छापतो! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे इथे मी जरा जास्त रेंगाळलो, तर वाचकांनी क्षमा करावी.

मासा हा त्यांच्या आयुष्यातला अगदी छोटा प्रसंग. त्रिनिदादच्या ओढ्यांतले काही चिमुकले मासे त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले. तिथल्या आल्बर्ट ग्यूंथर या मत्स्यतज्ज्ञाला ती नवी जात वाटली आणि १८६६ मध्ये त्याने तिला पाठवणाऱ्याचे नाव दिले. पण जात नवी नव्हतीच. पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातून आलेल्या माशांवरून १८५९ सालीच तिचे वर्णन केले होते, आणि शास्त्राचा नियम असा की आधीचे नाव खरे. म्हणून आजही त्याचे शास्त्रीय नाव पोसिलिया रेटिक्युलाटा असेच आहे. गप्पीसाहेबांचे नाव पुस्तकातून खोडले गेले, पण लोकांच्या तोंडी ते कायमचे बसले. ज्या शिंपल्यांसाठी त्यांनी उमर घालवली त्यांबद्दल आज तज्ज्ञांखेरीज कोणी बोलत नाही.

५ ऑगस्ट १९१६ रोजी, ऐंशीव्या वाढदिवसाला दहा दिवस उरले असताना, ते वारले. तोवर माशाचा प्रवास सुरू झाला होता. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि डासांच्या अळ्या खाणारा प्राणी सर्वांना हवासा झाला. बार्बाडोस बेटावर हिवताप नव्हता, त्याचे श्रेय अनेकांनी या माशाला दिले. मग तो डब्यांतून, पिंपांतून जगभर गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातही आला. मुंबईत तर गरज मोठी होती. १९११ च्या सुमारास डॉ. बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचा शोध घेतला, तेव्हा विहिरींतल्या डासांवर ठपका आला होता.

आमच्या चाळीच्या विहिरीतही गप्पी सोडलेले होते. मी चौथीत असताना आईला हिवताप झाला. ती थंडीने कुडकुडत असताना मी विहिरीच्या कठड्यावरून वाकून मासे मोजीत बसे, जणू ते औषधच. तिला बरे केले ते दवाखान्यातल्या गोळ्यांनी, पण माझी भक्ती माशांवर जडली. त्या पावसाळ्यात मी गटारातल्या गप्पींची एक बरणी भरली आणि आमच्यामागे डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाच्या कुंपणाबाहेर जो ओढा वाहतो, त्यात ओतली. तिथले डासही मरावेत, एवढाच हेतू.

त्या ओढ्यात तेव्हा दुसरा एक मासा असे. बोटाएवढा, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर चांदीची टिकली लावल्यासारखा चकचकीत ठिपका. त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस, हे मला आता कळले. हा मासा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा, डासांच्या अळ्या आवडीने खाणारा. १८४६ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे जे पहिले वर्णन छापले गेले, ते मुंबईहून गेलेल्या नमुन्यावरून. म्हणजे डास खाणारा मासा मुंबईत आधीपासूनच होता आणि आपण दुसरा समुद्रापलीकडून आणला!

गप्पीची मादी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देते, साधारण दर महिन्याला. नराचे बीज ती कित्येक महिने पोटात साठवून ठेवू शकते. त्यामुळे एकच मादी नव्या पाण्यात पडली तरी वंश वाढतो. त्रिनिदादमध्ये टाक्यांत एकेक मादी सोडून संशोधकांनी हे पडताळून पाहिले आहे. आम्ही जिला दोन गोट्यांच्याही लायकीची मानली नाही, तीच सारा डाव जिंकणारी! गटाराच्या घाण पाण्यातही तो जगतो, दुसऱ्यांची अंडी-पिल्ले खातो. आज साठांहून अधिक देशांत तो परका म्हणून नांदतो आहे. आणि एवढे करून हिवताप किती कमी झाला? २०१७ साली जगभरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा माशांमुळे हिवतापाचे रोगी कमी होतात असा भक्कम पुरावा हाती आला नाही. मुंबईतला हिवतापाचा डास गच्चीवरच्या उघड्या टाक्यांतही वाढतो. तिथे गप्पी कुठून पोचणार?

गप्पीसाहेबांना याचा दोष देता येत नाही. त्यांनी मासे पाठवले ते कुतूहलापोटी, आणि तेही संग्रहालयाच्या कपाटात ठेवण्यासाठी. ओढ्यात बरणी ओतणारा मी होतो.

गेल्या श्रावणात पुन्हा त्या ओढ्यावर गेलो. काठावर आता झोपड्यांची रांग आहे, पाण्यात प्लास्टिक आहे, तेव्हा सगळे खापर माशावर फोडणेही बरोबर नाही. बरोबर धाकट्या भावाला नेले होते. दोघांनी मिळून रुमाल टाकला. दुपारपर्यंत एकोणीस मासे आले. अठरा गप्पी होते. एकाच्या कपाळावर टिकली होती. त्याला लगेच पाण्यात सोडला आणि अठरा गप्पी बरणीत घालून घरी आणले. त्यांत अकरा माद्या निघाल्या. आई म्हणाली, एवढे कशाला आणलेस? मी म्हटले, परत आणलेत. तिला ते कळले नाही. महिन्याभरात बरणी पुरेना, तेव्हा तिनेच कोपऱ्यातली जुनी बादली रिकामी करून दिली.